एप्रिलचं कुणी विचारलंच नाही

माझ्याकडे ऑर्डरींच्या सात वह्या होत्या. २०१३ साली मी आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ करून विकायला लागले, तेव्हापासून दर वर्षाची एक. लाल पुठ्ठ्याच्या, लांबट, किराणा दुकानात मिळतात तशा. कुणी किती किलो सांगितलं, आगाऊ किती दिले, पार्सल कुठल्या गाडीने गेलं, एवढंच मी त्यात लिहीत आले. २०१९ च्या जुलैत कोल्हापूरच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्या सगळ्या आणायला सांगितल्या आणि टेबलावर ओळीने उघडून ठेवल्या. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हिशोबासोबत मी आणखीही काही लिहून ठेवलं होतं.

एप्रिलची पानं गच्च भरलेली. समासात, आडवं, तिरकं, तीन-तीन रंगांच्या पेनांनी. अक्षर पानागणिक मोठं होत गेलेलं. कोपऱ्यात वेळ टाकायची मला सवय आहे, तिथे रात्रीचे २.४०, ३.१५ असे आकडे. आणि जुलैची पानं कोरी. एका वर्षी तर जूनच्या दहा तारखेनंतर थेट ऑक्टोबर.

आमचं घर विजयदुर्गच्या खाडीकाठी. इथलं वर्ष आंब्याच्या तालावर चालतं. थंडीत मोहोर, मार्चपासून काढणी, एप्रिल-मेमध्ये कुणालाच पुरती झोप नाही. मिरग लागायच्या आत लाकडं आत घ्यायची, छप्पर शाकारायचं, सुकवण डब्यात भरायची. एकदा पाऊस लागला की गाव मिटून जातं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं पडवीत बसून पागोळ्या बघतात. अशा गावात एखादी बाई एप्रिलमध्ये तीन तास झोपून दिवसभर राबते आणि जुलैत अंथरुणातून उठत नाही, तर तिला काही झालंय असं कुणाला का वाटावं? सासूबाई म्हणायच्या, "सीझनात मरमर मरता, मगे अंग टाकता." त्या बोलण्यात माया होती. मीही तेच खरं धरून चालले. सीझनच्या आड माझा आजार इतकी वर्षं लपून राहिला.

खरं तर तो सीझनच्याही आधीचा होता. कणकवलीला कॉलेजात असताना, दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर दोन महिने मी कुणाशी बोलले नव्हते. खोलीवरच्या मुली डबा आणून ठेवायच्या आणि तसाच परत न्यायच्या. त्याला अभ्यासाचा ताण म्हटलं गेलं. मग २०१० च्या ऑगस्टमध्ये मुलगी झाली. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस बऱ्याच जणींना उगाच रडू येतं, जीव घाबरा होतो, आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. माझं शिमग्यापर्यंत ओसरलं नाही. बाळ रडलं की मला ते दुसऱ्या कुणाच्या घरात रडतंय असं वाटायचं. घरातल्यांनी बाळंतवात म्हणून काढे दिले. सासूबाईंनी देवळात जाऊन कौल घेतला, गाऱ्हाणं घातलं. यावर मी कधी रागावू शकले नाही. त्या काळात माझ्यासाठी अनवाणी चालत गेलेली ती एकटी बाई होती. पण बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार असतात, आणि पुढे बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली नेणारा आजार, निघणाऱ्या कितीतरी बायकांचा आजार पहिल्यांदा तिथेच ठळकपणे दिसतो, हे मला नऊ वर्षांनी कळलं.

त्या दिवसांबद्दल लोक विचारतात, "म्हणजे खूप वाईट वाटायचं का?" वाईट वाटलं असतं तर मी त्याला धरून राहिले असते. काहीच वाटत नव्हतं. पहाटे चारला डोळे उघडायचे आणि छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं. सकाळ सगळ्यात जड, संध्याकाळी जरा हलकं. पेजेची वाटी समोर यायची आणि चमचा उचलायचा कसा, याचाच विचार करत मी बसायची. बांगड्याचं तिखलं चुलीवर असलं तरी वास येत नव्हता. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा जुलैमध्ये तिच्या वेण्या सासूबाई घालायच्या, कारण माझा हात तिच्या केसांत मध्येच थांबायचा. ती वळून बघायची. ते वळून बघणं माझ्या मनात अजून आहे.

२०१६ च्या पावसात नवऱ्याने मला तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघितलं. हे योग्यच होतं, कारण थायरॉईड कमी काम करत असलं तरी माणूस असाच मंदावतो. सगळं ठीक निघाल्यावर त्यांनी एक कागद पुढे केला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं किती दिवस झालं, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, मरणाचे विचार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. माझे १९ आले. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, घाबरू नका, गोळी देतो, परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतील, मध्येच सोडू नका. एस्सिटालोप्राम. खरंच, गणपती येईपर्यंत मी उठून बसले. चाकरमानी आले तेव्हा मी मोदकांचं सारण ढवळत होते. डिसेंबरात मला वाटलं आता झालं, आणि गोळी मी माझ्या मनाने बंद केली.

त्या कागदाने मला मदत केली, हे मी नाकारत नाही. डिप्रेशन हा शब्द मिळाला, आणि आपण आळशी नाही हे कुणीतरी गुण देऊन सांगितलं. पण तो कागद दोन आठवड्यांचं विचारतो. माझा आजार वर्षभर पसरलेला होता. जुलैत बसून मागचे दोन आठवडे बघितले तर एप्रिल दिसत नाही. आणि नुसतं नैराश्य असलेल्या माणसाचा जुलै आणि बायपोलर असलेल्या माणसाचा जुलै त्या नऊ प्रश्नांत अगदी सारखाच उतरतो. डॉक्टरांनी एप्रिलचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. का सांगावं? एप्रिलमध्ये मी आजारी आहे असं मला वाटतच नव्हतं. ते तर माझे चांगले दिवस होते.

२०१९ च्या जानेवारीत पुन्हा बुडाले. यावेळी पाऊस नव्हता, बाहेर कोवळं ऊन आणि मोहोराचा वास. "पावसात सगळ्यांकाच असा होता" हे म्हणायची सोय नव्हती, तरी ते कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. जुनी चिठ्ठी घेऊन मी मेडिकलमधून तीच गोळी आणली आणि स्वतःच सुरू केली. फेब्रुवारीच्या अखेरीस बरं वाटलं. मार्चमध्ये छान वाटलं. एप्रिलमध्ये मी उडत होते.

तो एप्रिल नीट सांगायला हवा, कारण हायपोमेनिया म्हणजे काय हे पुस्तकी शब्दांत कळत नाही. पहिल्यांदा रंग बदलतात. खाडीचं पाणी, कलमांची पालवी, सगळं कुणीतरी धुऊन लख्ख केल्यासारखं. झोप अडीच-तीन तास, तरी सकाळी ताजीतवानी. रस ताटांत ओतून उन्हात घालायचा, एक थर सुकला की त्यावर दुसरा, हे काम धीराचं. मी मात्र एकीकडे ताटं फिरवत दुसरीकडे फोनवर घरगुती निवासाची योजना कुणालातरी सांगत असायची. एक कल्पना संपायच्या आत दुसरी. आमच्या घराची ताकद सीझनभरात ऐंशी किलो आंबापोळीची, मी मुंबईच्या एका प्रदर्शनाला तीनशे किलोचा शब्द दिला. नवरा पतसंस्थेत कारकून आहे. त्याला न सांगता मी दुसरीकडून साडेतीन लाखांचं कर्ज काढून ड्रायर मागवला, बांगड्या गहाण टाकल्या. वाडीतल्या तीन बायका माझ्याकडे कामाला यायच्या, वर्षानुवर्षांच्या. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठीला, ती हळू चालते म्हणून, मी सगळ्यांसमोर बोलले. ती पदराला हात पुसून निघून गेली. मला वाटलं, बरं झालं. वर चढलेल्या मनात आनंदच असतो असं नाही. जग आपल्यापेक्षा हळू चाललंय याची चीडही असते.

मेच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. अर्धवट सुकलेली ताटं आत आणायला माणसं नव्हती. शंभर किलोच्या वर माल बुरशीने गेला. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी कोसळले. इतक्या खोल कधीच गेले नव्हते. मी नसले तर या सगळ्यांची सुटका होईल हा विचार हिशोबासारखा शांतपणे यायचा, बेरीज बरोबर जुळल्यासारखा. त्या शांतपणाची मला आज भीती वाटते. एका रात्री मी नवऱ्याला उठवून सांगितलं, "अहो, मला एकटीला ठेवू नका." त्याने कारण विचारलं नाही. पहाटेपर्यंत दिवा लावून बसला आणि उजाडल्यावर कोल्हापूरला फोन करायला लागला.

फोंडाघाटातून गाडी चढताना इतकं धुकं होतं की पुढचा वाकडा रस्ता दिसत नव्हता. दाजीपूरच्या पुढे उघडलं. पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी सव्वा तास ऐकून घेतलं, झोप यावी म्हणून तात्पुरती गोळी दिली, घरात मला एकटं सोडू नका असं नवऱ्याला बजावलं आणि एस्सिटालोप्राम टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं. मग म्हणाल्या, "ताई, बरं नसतं तेव्हाचं तुम्ही सगळं सांगितलंत. आता फार बरं असतं तेव्हाचं सांगा." मी म्हटलं, तेव्हा काही त्रास नसतो. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

तेरा प्रश्नांचा दुसरा कागद आला. कधी इतका उत्साह वाटला का की लोक म्हणाले ही नेहमीची नाही, झोप कमी होऊनही थकवा नव्हता का, बोलणं भरभर होतं का, डोक्यात विचारांची रांग, पैशांचा बेहिशोबी खर्च, भांडणं. हो किंवा नाही एवढंच लिहायचं. माझे चार हो आले. मग तोच कागद त्यांनी नवऱ्याला भरायला दिला. त्याचे दहा. सात किंवा जास्त आले, ते सगळं एकाच काळात घडलेलं असलं आणि त्याने आयुष्यात अडचण झाली असली, तर पुढे नीट तपासायचं असतं. नुसत्या कागदावर निदान होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण चार आणि दहा यांच्यातलं अंतर बघून मी गप्प झाले. सहा गोष्टी माझ्या घरातल्या माणसाला दिसत होत्या आणि मला नाही. "बोलला का नाहीत?" मी त्याला परतीच्या वाटेवर विचारलं. तो म्हणाला, "जुलैत तुझी ती दशा बघितल्यावर एप्रिलमध्ये तू हसतेस, त्याला मी आजार कसा म्हणू?"

घरात कुणाला असं काही होतं का, हाही प्रश्न होता. मी नाही म्हटलं होतं. दुसऱ्या भेटीला आई सोबत आली. वह्या उघडून ठेवल्या होत्या त्याच दिवशी. आई बराच वेळ त्या एप्रिलच्या पानांवर हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "तुझा मामा त्या तीन वर्षांत मुंबईला नव्हता गं. रत्नागिरीला होता."

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे. आमच्याकडे त्या गावाचं नुसतं नाव वेगळ्या सुरात घेतलं तरी लोकांना अर्थ कळायचा, आणि मुलींची लग्नं अडायची. म्हणून मामाची मुंबई झाली. दहा-बारा दिवस तो झोपला नव्हता. आपल्याला देवीने राज्य दिलंय म्हणून रस्त्यावरच्या माणसांना जमिनीचे तुकडे वाटत सुटला होता, अडवणाऱ्याच्या अंगावर धावला होता. पुढे तो बरा होऊन आला, मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. मला आठवतो तो मामा शांत, थोडा थरथरत्या हातांचा. तो हात औषधांमुळे थरथरायचा, हे मला तेव्हा कळलं. आई चाळीस वर्षं एक गोष्ट एकटीने धरून बसली होती. कोल्हापूरच्या त्या खोलीत ती रडली तशी मामा गेला तेव्हाही रडली नव्हती.

मग डॉक्टरबाईंनी कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढली. ही नेहमीची पातळी. ज्यांची रेघ फक्त खाली जाते आणि परत पातळीला येते, निदान दोन आठवडे खाली राहते, ते नैराश्य. ज्यांची फार खोल जात नाही पण दोन-दोन वर्षं वर येतच नाही, ते रेंगाळणारं नैराश्य, डिस्थायमिया. मला लगेच माझी एक मावशी आठवली. तिचा स्वभावच तसा, असं सगळे म्हणायचे. कुणी तिला कधी विचारलं असेल का? मामाची रेघ पार वर, आठवडाभर किंवा जास्त, भान सुटेपर्यंत, दवाखान्यात न्यावं लागेपर्यंत. तो मेनिया, आणि तो बायपोलरचा पहिला प्रकार. माझी वर जाते ती थोडीच, चार दिवस किंवा जास्त, भान सुटत नाही, काम चालू राहतं, आणि खाली मात्र खोल जाते. हा दुसरा प्रकार. दुसरा म्हणजे सौम्य, असं मी मनात म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "याला हलका समजू नका. यात माणसाचा जास्तीत जास्त काळ खालच्या बाजूलाच जातो, आणि जीवाचा धोका तिथेच असतो."

त्यांनी आणखी एक गोष्ट जोडून दाखवली, ती ऐकून माझे हात गार पडले. बायपोलर असताना मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय नुसती नैराश्याची गोळी दिली, तर काही माणसं वर ढकलली जातात. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. वहीत तारखा होत्या. म्हणजे गोळी वाईट नव्हती. नुसतं नैराश्य असलेल्या कितीतरी जणांना तीच गोळी उभं करते. माझ्या आजाराचं अर्धंच नाव ठाऊक असताना मी ती घेतली होती, तीही स्वतःच्या मनाने.

मला लिथियम सुरू झालं. मूत्रपिंड, थायरॉईड तपासून, वजन बघून. हे औषध म्हणजे मिठासारखाच एक क्षार. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली मेनियाच्या रुग्णांवरचा त्याचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि अजून त्याच्या तोडीचं फार थोडं सापडलंय. त्याची गंमत अशी की उपयोगाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर कमी. म्हणून ठरावीक काळाने रक्त द्यायचं, शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. मी रात्री नऊला गोळी घेते, सकाळी नऊला लॅबच्या पायरीवर असते. माझी पातळी ०.७ च्या आसपास ठेवतात. १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती.

कोकणात राहणाऱ्याने हे औषध घेताना एक गोष्ट गाठीला बांधावी. शरीरातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. आमचा मे म्हणजे घामाच्या धारा. त्यामुळे पाणी भरपूर, मीठ नेहमीएवढं, कुणाच्या सांगण्यावरून अळणी जेवण सुरू करायचं नाही, कडक उपास नाही. हगवण-उलट्या लागल्या तर अंगावर न काढता लगेच डॉक्टरांना फोन. हे मला सांगितलेलं होतं. तरी २०२० च्या मेमध्ये गुडघा दुखला म्हणून मी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चार दिवस घेतल्या, दुखण्याची साधी गोळी म्हणून. पाचव्या दिवशी हात असे थरथरायला लागले की कप धरवेना, पोट बिघडलं, पाय जड. पातळी १.४ आली. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्या लिथियमला बाहेर पडू देत नाहीत. आता माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते, लिथियम चालू आहे असं लिहिलेली, आणि मेडिकलवाल्या मुलालाही ते पाठ आहे.

औषधापेक्षा अवघड दुसरंच होतं. २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत मी बरी झाले, आणि मग मला शोक झाला. रंग पुन्हा साधे झाले होते. त्या एप्रिलमधली मी, जिला सगळं सुचायचं, तिला आजार म्हणायचं? मग माझं काय उरलं? समुपदेशन करणाऱ्या ताईंना मी हे अनेक महिने विचारत राहिले. त्यांनी उत्तर दिलं नाही. वह्या घेऊन हिशोब मांडायला लावला. प्रत्येक एप्रिलमध्ये घेतलेल्या ऑर्डरी आणि त्यातल्या खरोखर पोचलेल्या. २०१५ ला निम्म्या. २०१७ ला निम्म्याहून कमी. परत केलेले आगाऊ पैसे, तुटलेली माणसं. मग २०२२ चा हिशोब, गोळ्या चालू असतानाचा, रात्री साडेदहाला दिवा बंद. ऐंशी किलोची ताकद, ७६ किलो पोचले, एकही परत नाही. आगळाची नवी बाटली मला त्याच वर्षी सुचली. सुचणं माझंच होतं, हे मला त्या आकड्यांनी पटवलं. वाडीतली ती मोठी बाईही परत आली. मी तिच्या घरी जाऊन पाया पडले तेव्हा ती म्हणाली, "तुका बरा नव्हता, ता माका ठावक होता."

साधं दुःख आणि आजार यांतला फरक मला तौक्ते वादळाने शिकवला. १६ मे २०२१. आमची बावीस कलमं आडवी झाली, त्यातली काही आजेसासऱ्यांनी लावलेली. वीज कित्येक दिवस नव्हती. मी रडले, जेवण जाईना, पुन्हा तोच खड्डा आला असं वाटून घाबरले. पण तिसऱ्या दिवशी शेजारणीने कुळथाची पिठी आणि भात आणून दिला आणि मला त्याचा वास आला. मुलगी काहीतरी बोलली आणि हसू आलं. रडणं येत होतं आणि जात होतं. नैराश्यात ते येत नाही आणि जातही नाही. त्या काळोखातही सासूबाई नऊला म्हणायच्या, "निज आता. पडलेलो आंबो पळान जावचो नाय." नऊला गोळी, साडेदहाला अंथरूण, सकाळी सहाला उठणं. हे घड्याळ मी वादळातही मोडलं नाही.

मागच्या वर्षी वाडीतल्या एका नव्या सुनेचं बाळ दीड महिन्याचं झालं तरी ती भिंतीकडे तोंड करून असायची. मी रोज दुपारी जाऊन बसले. काही शिकवलं नाही. एकदा तिला माझं २०१० सांगितलं. मग आम्ही दोघींनी तिच्या फोनवरून १४४१६ लावला, टेलिमानसची सरकारी सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू झालेली, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. पुढे डॉक्टरांकडे तिच्या नवऱ्याने नेलं. तिथे आत जाताना मी तिला एवढंच सांगितलं, की बरं असतं तेव्हाचंही सांग, लहानपणापासूनचं. तिची रेघ कधी वर गेलेली नव्हती. तिला नुसत्या नैराश्याच्या गोळीनेच आराम पडला.

माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. मामाचं मी तिला सांगितलंय, मुंबई न म्हणता. तिने विचारलं, "मलाही होईल?" मी म्हटलं, इतरांपेक्षा शक्यता जास्त आहे, पण आईवडिलांपैकी एकाला असलं तरी बहुतेक मुलांना होत नाही, आणि झालंच तर आपल्याला त्याचं नाव माहीत आहे. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने ऑर्डरीची वही ओढून शेवटच्या रकान्यावर पट्टीने रेघ मारली. वर लिहिलं, झोप.

तो रकाना तीच भरते. यंदाच्या एप्रिलमध्ये, नववीची परीक्षा आटोपल्यावर, बारा तारखेसमोर ५ होता, तेरा तारखेसमोर ४. पुढे बारीक अक्षरात: "आई भरभर बोलते आहे. लोणच्याचा कारखाना काढायचा म्हणाली." मी ते वाचलं, ताटं सुकत घातलेली तशीच ठेवली, आणि खळ्यात जाऊन कोल्हापूरला फोन लावला.